सोमवारची हजेरी

“काय लिवलाय, बाय? वाच जरा.”

दारावर खळीने चिकटवलेला कागद अजून ओला होता. सुमती कर्णिक गिरणीला निघाल्या होत्या. काखेतला दळणाचा डबा त्यांनी कचेरीच्या ओट्यावर टेकवला आणि कागद वाचला. वाचायची गरज नव्हती. आठच्या बातम्यांना शेजारच्या रेडिओवर त्यांनी ऐकलंच होतं.

“आज कचेरीला सुट्टी आहे,” त्या म्हणाल्या. “मुंबईत एक मोठे पुढारी वारले.”

ओट्यावर अकरा माणसं बसली होती. कुणी फडक्यातली भाकरी सोडली होती, कुणी विडी पेटवली होती. सगळी खाडीपलीकडची आणि कल्याणच्या आसपासच्या गावांतली. कचेरी अकराला उघडायची, पण भरतीच्या पाण्याबरोबर निघायचं म्हणजे पहाटेच घर सोडावं लागे. त्यांच्या गावांत रेडिओ नव्हते. असते तरी बातमी सांगितली गेली तेव्हा ही माणसं होडीत होती.

“वारले?” नांदखारच्या दौलत भोईरने हात जोडले. “देव त्यांना सुखात ठेवो. पन जाताना आमची तारीख कशाला नेली संगती?”

दोघं-तिघं हसली.

एकोणीसशे एकोणसाठ सालचा तो चैत्र. कसेल त्याची जमीन, असा कायदा झाला होता, आणि कुळांच्या नावांच्या याद्या इतक्या लांब होत्या की पारनाक्याजवळ एक कौलारू घर भाड्याने घेऊन कुळकायद्याची जादा कचेरी थाटावी लागली होती. दोन खोल्या, एक साहेब, एक शिपाई आणि दोन कारकून. दोघांतल्या एक सुमतीबाई. काम तसं सरळ होतं. तारखेला कुळाला पुकारायचं आणि साहेबांनी एकच प्रश्न विचारायचा, “कसतोस ती जमीन विकत घ्यायला तयार आहेस का?” कुळाने “हो” म्हटलं की हप्ते ठरत आणि जमीन त्याची होई. “नाही” म्हटलं, किंवा पुकारल्यावर कुणी उठलंच नाही, तर ती गेली. ज्या बांधावर आजे-पणजे खपले त्याचा निकाल तेवढ्या एका शब्दावर होता, आणि तो शब्द ठरल्या दिवशी, ठरल्या दारात जाऊन बोलायचा होता.

“गेल्या म्हयन्यात कोनगावच्या रतनची गेली,” एक म्हातारी म्हणाली. “ताप व्हता तिला. पुकारा झाला, हजर नाय. गेली जमीन.”

“आमी आयलो व्हतो ह्याला साक्ष कोन?” दौलत म्हणाला. “ह्या कुलपाची?”

सगळ्यांनी सुमतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी कुलपाकडे पाहिलं. किल्ली गोगटे साहेबांच्या जानव्याला असे, असं शिपाई पोपट म्हणायचा.

खरं तर तेव्हाच डबा उचलून त्यांनी गिरणीची वाट धरायला हवी होती. सुट्टीच्या दिवशी कारकून म्हणजे नुसती बाई. पण नवरा गेल्यापासून त्यांनी स्वतः इतक्या ओट्यांवर बसून काढलं होतं, पोस्टाच्या फंडासाठी, दाखल्यासाठी, नोकरीच्या अर्जासाठी, की बसलेल्या माणसाकडे पाठ फिरवणं त्यांना जमत नसे. समोरच्या बोळात अर्ज लिहिणारे अण्णा राहायचे. त्यांच्याकडून त्यांनी शाईचा पॅड आणि एक कोरा ताव आणला.

अण्णा दारापर्यंत आले. तीस वर्षं दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहून त्यांची पाठ वाकली होती.

“काय करताय, सुमतीबाई?”

“आज ही माणसं आली होती एवढं लिहून ठेवते. म्हणजे घोर नको त्यांना.”

“नावं लिहा. अंगठे घेऊ नका.”

“का?”

“या लोकांत अंगठा म्हणजे शेवट. एकदा दिला की झालं म्हणतात, मग मागे वळून बघत नाहीत.”

सुमतीबाई हसल्या. नुसत्या नावांना कोण विचारतो, असं त्यांना वाटलं. त्यांनी तावावर तारीख घातली, “खालील कुळे आज कचेरीत समक्ष हजर” असं गोलगोल अक्षरात लिहिलं, आणि पहिलं नाव विचारलं.

“मना पयला घे, बाय,” दौलत पुढे सरकला. “आता निघालो नाय तं होरी सुटंल. पानी उतरला का सांजच्या भरतीपातूर बसाचा. घरी म्हस व्याला टेकलीय.”

“दौलत धर्मा भोईर, नांदखार,” त्यांनी लिहिलं. त्याने अंगठा उमटवला. इतका जोर दिला की कागद खालच्या फरशीवर सरकला. मग उरलेली शाई केसांना पुसून तो दुर्गाडीच्या बंदराकडे निघाला, आणि कोपऱ्यावर वळताना पळतच सुटला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण म्हशीसाठी पळत होता.

बाकीच्या दहा जणांचे अंगठे घेऊन झाल्यावर सुमतीबाईंनी पॅड मिटला. मग त्या म्हणाल्या, “आता घरी जा, आणि उद्या सगळे परत या. आजची कामं साहेब उद्या घेतील.”

“उद्या परत?” म्हातारी म्हणाली. “मंग अंगठा कशाला घेतलास?”

दौलत गेला त्या वाटेकडे सुमतीबाईंनी पाहिलं. नांदखारचं आणखी कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. कुणी नव्हतं. त्या बंदराच्या उतारापर्यंत जवळजवळ धावत गेल्या. होडी पाण्याच्या मधोमध पोचली होती. हाक मारावी तर वारा उलटा. आणि त्या काळी कल्याणात भल्या घरची बाई बंदरावर उभी राहून हाका मारत नसे.

परत येताना गिरणीही बंद दिसली. पुढारी सगळ्यांचेच होते. सासूबाईंनी न दळलेले गहू पाहिले आणि म्हणाल्या, “सुट्टी तुमची, पोळी आमची गेली.”

*

मंगळवारी गोगटे साहेब पावणेअकरालाच खुर्चीत होते. श्रीपाद गोगटे माणूस वाईट नव्हता, हे सुमतीबाई पुढेही सांगत राहिल्या. कामाचा त्यांना राक्षसासारखा सोस होता. दुपारचा डबा ते फायलीवरच खायचे. सोमवारची चौदा आणि मंगळवारची तेरा अशी सत्तावीस कामं त्या दिवशी निकालात काढायची, असं त्यांनी पोपटला टाळी वाजवून सांगितलं.

“सुट्टीने सरकार थांबतं म्हणतात लेकाचे,” ते म्हणाले. “बघू या.”

सोमवारची दहा जणं आली होती, दुसऱ्या दिवसाची भाकरी घेऊन. रेडिओ ऐकून काल घरीच राहिलेली कल्याणातली तिघंही आली होती. म्हातारी “हाय तयार” म्हणाली आणि रडली. कामं भराभर होत होती. पोपट दारात उभा राहून पुकारायचा. त्याच्या आवाजाने समोरच्या झाडावरचे कावळे उडत.

“दौलत धर्मा भोईर हाज्जीर हो!”

सुमतीबाईंनी दाराकडे पाहिलं. पोपटने आणखी दोनदा पुकारलं.

“गैरहजर,” साहेब म्हणाले. “पुढचं.”

“साहेब, तो काल आला होता.”

“काल सुट्टी होती.”

“हो. पण तो आला होता. मी स्वतः पाहिलं.” त्यांनी पिशवीतला ताव काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा वर केला. अकरा अंगठ्यांवरून त्यांची नजर फिरली.

“हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“कचेरी बंद असताना, अधिकार नसताना, साध्या कागदावर तुम्ही हजेरी घेतलीत? कर्णिकबाई, उद्या कुणी शेटजी त्याच्या वाड्यात बसून अशीच हजेरी घेईल. चालेल का?” आवाज चढला नव्हता. ते खरोखरच विचारत होते. “ठेवा तो कागद. मी पाहिला नाही, तुम्ही दाखवला नाही. ऑर्डर लिहा. त्याला नोटीस जाईल, साठ दिवसांत अर्ज करता येतो. येईल तो.”

सुमतीबाईंनी लिहिलं. “कूळ तीन वेळा पुकारले असता गैरहजर. सबब जमीन खरेदी करण्यास नाखूष आहे असे ठरविण्यात येते.” रोज कुणा ना कुणासाठी त्या हे वाक्य लिहीत. त्या दिवशी “नाखूष” लिहिताना टाक दोनदा शाईत बुडवावा लागला.

साडेसहाला सत्तावीस कामं संपली. साहेबांनी पोपटकडून सगळ्यांना चहा मागवला.

शनिवारी ठाण्याहून एक लखोटा आला. कुणा गृहस्थाने वर्तमानपत्रात लिहिलं होतं की अशा अचानक सुट्ट्यांनी जनतेच्या कामाचा फार खोळंबा होतो, गरिबांचे दिवस फुकट जातात. वरून विचारणा झाली होती, आणि प्रत्येक कचेरीने माहिती पाठवायची होती. तक्ता छापील होता. सुट्टीच्या दिवशी नेमलेली कामं, नंतर पुरी झालेली, शिल्लक राहिलेली, आणि शेवटी जनतेची झालेली गैरसोय.

“घ्या,” साहेब खुर्चीत मागे टेकले. “नेमलेली चौदा. पुरी चौदा. शिल्लक शून्य. गैरसोय निरंक.”

काही नसेल तिथे सरकारी कागदावर ‘निरंक’ लिहायची रीत आहे. सुमतीबाईंनी पहिले तीन आकडे लिहिले आणि त्या थांबल्या.

“काय झालं?”

“साहेब, माणसं येऊन परत गेली. त्यांचा दिवस गेला.”

“चैत्रात? चैत्रात शेतात काय असतं, बाई? गावी असती तर पारावर बसली असती, इथे ओट्यावर बसली.” मग जरा मऊ आवाजात ते म्हणाले, “हे बघा, मला मेलेल्या माणसाचा अपमान करायचा नाही आणि जिवंत माणसाचाही नाही. म्हणून तर मंगळवारी दुप्पट काम केलं. मला सांगा, सरकारचं एक तरी काम बुडालं का?”

“सरकारचं नाही.”

“मग? लोकांच्या दिवसाला या तक्त्यात रकाना आहे का?”

“गैरसोय म्हटलंय.”

“गैरसोय म्हणजे कुणाचं काम राहिलं असेल तर. राहिलं का कुणाचं? दौलत भोईरचंसुद्धा राहिलं नाही. निकाल लागला त्याचा.”

पोपट कोपऱ्यात पाकिटं चिकटवत होता. तो खाली मान घालून चिकटवतच राहिला.

सुमतीबाईंची नेमणूक हंगामी होती. दर तीन महिन्यांनी ठाण्याहून मंजुरीची यादी येई, आणि ती येईपर्यंतचे आठ दिवस त्यांना झोप नसे. घरी सासूबाई होत्या, सातवीतली नीला होती. आणि साहेब म्हणत होते त्यात त्यांना धडपणे खोडून काढता येण्यासारखं काही सापडत नव्हतं. साठ दिवस आहेत. येईल तो. त्यांनी “निरंक” लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

घरी येऊन त्यांनी एक कार्ड मात्र लिहिलं. दौलतला वाचता येत नव्हतं, म्हणून नांदखारच्या शाळामास्तरांच्या नावाने. “भोईर यांस ताबडतोब कचेरीत पाठवावे.” कार्ड पेटीत टाकून आल्यावर त्यांना जेवण गेलं. मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीला आपल्या गावी गेले आहेत आणि शाळा जूनपर्यंत बंद आहे, हे त्यांना कसं कळणार? ते कार्ड पोस्टमनने शाळेच्या दाराखालून आत सरकवलं. पावसाने त्याचा लगदा झाला.

अंगठ्यांचा ताव त्यांनी रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला. मे महिन्यात रेशन आणताना तीनदा तो हातात आला. प्रत्येक वेळी त्यांनी दिवस मोजले, आणि अजून आहेत म्हणून झाकण लावलं.

*

जूनच्या एकोणतीस तारखेला, सोमवारीच, दौलत कचेरीत आला. इरलं त्याने बाहेर टेकवलं. धोतर मांडीपर्यंत चिखलाने भरलं होतं. साहेब ठाण्याला मीटिंगला गेले होते. तो थेट सुमतीबाईंच्या टेबलाशी आला, कमरेचं फडकं सोडलं, त्यातून आणखी एक फडकं, त्यातून केळीच्या सोपटात गुंडाळलेला कागद.

“ह्यो काय सांगतो, बाय?”

कागदावर हळदीकुंकू होतं. मधोमध बोटभर ओला टिळा लागून वाळला होता, कडेला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते. टिळ्याखालून सुमतीबाईंना स्वतःचं अक्षर दिसलं.

“तलाठ्याचा मानूस देऊन गेला,” दौलत म्हणाला. “सरकारी शिक्का व्हता. मी बोललो, आला आपला कागद. घरवालीनं, कलावतीनं आखितीच्या सनाला पुजला. गोडाचा निवद दाखवला. गावात पेढं वाटलं म्यां, बाय.”

“कुणाला वाचायला नाही दाखवलंस?”

“वाचाचा काय त्यात? अंगठा दिलेला.”

पोपट दाराशी उभा राहिला होता.

“परवा मालकानं गावच्या आनंदाला नांगर घेऊन धाडला. माज्या बांधावर. मी बोललो, थांब, कागद हाय माजा. दाखवला. आनंदा वाचून हसला. इतका हसला का बांधावर बसला. मंग बोलला, दौलतदादा, तू देवाऱ्यात काय पुजलाय ठाव हाय का? तुजी जमीन गेली त्याचा कागद हाय ह्यो.” त्याने टेबलाची कड धरली. “तो थट्टा करतो ना? तू वाच.”

सुमतीबाईंनी वाचलं. त्यांच्या आयुष्यात तेवढं लांब वाक्य त्यांनी कधी वाचलं नव्हतं. “नाखूष” हा शब्द नेमका कुंकवाखाली होता, पण त्यांना तो पाठ होता.

दौलतने ऐकून घेतलं. मग आपला उजवा अंगठा वर करून पाहिला.

“ह्यो कुनी घेतला?”

“मी.”

“मी तुज्यासमोर व्हतो?”

“होतास.”

“मंग गैरहजर कोन व्हता?”

सुमतीबाईंनी कागद खाली ठेवला. त्या उठल्या. नोटीस पोचल्याची तारीख फायलीत पाहिली. चार मे. साठ दिवस जुलैच्या तीन तारखेला संपत होते. “बस,” त्या म्हणाल्या. “पोपट, याला चहा सांग. आणि अण्णांना बोलाव.”

अण्णांनी अर्ज लिहिला. “अंगठ्याचं बोललो होतो मी,” असं ते म्हणाले नाहीत. लिहिताना फक्त एकदा मान वर करून त्यांनी विचारलं, “तारखेला हजर होता, याला पुरावा काय जोडू?”

सुमतीबाई घरी गेल्या आणि रेशनकार्डाचा डबा उघडला.

साहेब चारला आले. अर्ज वाचला, ताव पाहिला, पोपटला बाहेर पाठवून दार ओढून घेतलं.

“हा कागद तुम्ही जोडणार?”

“हो.”

“याचा अर्थ समजतो ना? ठाण्याला आपण निरंक कळवलंय. तुमच्या अक्षरात. आणि हाही तुमच्याच अक्षरात. दोन्हीपैकी एक खोटं ठरणार.”

“निरंक खोटं आहे, साहेब.”

साहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं.

“तुमची मंजुरी उद्या संपते,” शेवटी ते म्हणाले. “नवी यादी यायची आहे. मी धमकी देत नाहीये, कर्णिकबाई. कारण नसताना तुम्ही यात पडताय म्हणून सांगतो. कागद न जोडता अर्ज करा. तोंडी सांगू दे त्याला.”

“तोंडी सांगितलं तर तुम्ही धराल?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “पुराव्याशिवाय नाही धरता येणार,” ते म्हणाले. “समोर मालकाचा वकील असेल.”

“मग जोडते,” सुमतीबाई म्हणाल्या, आणि टाचणी शोधू लागल्या. टाचणी समोरच होती, पण दिसत नव्हती. साहेबांनीच ती उचलून त्यांच्या हातात दिली.

*

जुलैची यादी आली त्यात त्यांचं नाव नव्हतं. साहेबांनी ते पत्र उभं राहून दिलं. “मी तुमच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “ठाण्याने विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर दिलं.” सुमतीबाईंना ते खरं वाटलं, आणि त्याने काही सोपं झालं नाही.

त्या घरी ब्लाउज शिवू लागल्या. सासूबाई पहिले चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी कडोसरीची चांदीची चुन्याची डबी काढून मशिनीच्या हप्त्याला दिली, आणि म्हणाल्या, “मेल्या अंगठ्याला हात लावला नसतास तर बरं झालं असतं. लावलास तर आता पुरतं निभाव.” नीला शाळेत सांगायची, “आईने नोकरी सोडली.”

फेरचौकशी ऑगस्टमध्ये लागली. सुमतीबाईंना साक्षीला बोलावणं आलं. दीड वर्ष ज्या टेबलामागे बसल्या त्याच्या अलीकडच्या बाजूला त्या उभ्या राहिल्या. मालकाच्या वकिलाने बरंच विचारलं. पॅड कुणाचा, ताव कुणाचा, सुट्टीच्या दिवशी कारकुनाला काय अधिकार. सगळ्याला त्यांनी “माझी चूक झाली” हेच उत्तर दिलं. फक्त “दौलत भोईर हजर होता का?” याला त्या “होता” म्हणाल्या. वकिलाने तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. तिन्ही वेळा “होता”.

मग साहेबांनी दौलतला विचारलं, “जमीन घ्यायला तयार आहेस?”

“हाय,” तो म्हणाला. त्याला आणखी काहीतरी बोलायचं असावं. दोन महिने त्याने ते जुळवलं असेल. पण एकाच शब्दाची जागा होती.

साहेबांनी जुनी ऑर्डर रद्द केली. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावता लावता ते म्हणाले, “मात्र उभं पीक ज्याने लावलं त्याचं. कापणीनंतर ताबा.”

आनंदाने जूनअखेर नांगरलं होतं, आषाढात लावणी उरकली होती. तेव्हा तो कायद्याने मालकाच्या शेतात होता. म्हणजे त्या वर्षाचं भात गेलं. दौलतच्या घरच्या सात माणसांनी ते वर्ष दुसऱ्यांच्या मजुरीवर आणि मिठागरावर काढलं. म्हैस विकली. एका सोमवारचे इतके दिवस झाले. ते कुठल्या तक्त्यात गेले नाहीत, कारण कामाचा निकाल लागला होता, दोनदा लागला होता.

भाद्रपदात कलावतीने निरोप धाडला, बायला म्हनावं शेत बघून जा. सुमतीबाई गौरी उठल्यावर दुपारच्या होडीने गेल्या. आठवडाभर पाऊस नव्हता, ऊन चामडं सोलत होतं. कलावतीने त्यांना ताक दिलं, पाय धुवायला पाणी दिलं, आणि दौलत कुठे म्हटल्यावर कपाळाला हात लावला.

“शेतावर. तू तरी सांग त्याला. माजा ऐकत नाय.”

बांधावरून चालत दोघी गेल्या. भात पोटरीला आलं होतं, हिरवंगार, कमरेएवढं. मधल्या एका खाचरात दौलत गुडघ्यावर बसला होता. खेकड्याने बांधाला बीळ पाडलं होतं आणि साठलेलं पाणी त्यातून खालच्या ओढ्यात चाललं होतं. तो हाताने चिखलाचे गोळे करून बिळात कोंबत होता आणि टाचेने ठेचत होता.

“आपला नाय तो भात!” कलावती ओरडली. “आनंदाचा हाय. त्याचा त्याला बघू दे की!”

“आनंदा सासुरवाडीला गेलाय,” दौलत मान वर न करता म्हणाला. “दोन दिसांत पानी सगला जाईल.”

“जाऊ दे!”

“पोटरीतला भात हाय, कलावते. आता सुकला तं दाना भरनार नाय.”

कलावती तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली. सुमतीबाई छत्री मिटून उभ्या राहिल्या. दौलतने आणखी एक गोळा घेतला, बीळ दाबलं, वरून तळवा फिरवला. पाण्याची धार बारीक झाली, मग थांबली. तो उठला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाचे होते, म्हणून नमस्कार कसा करावा हे त्याला कळेना.

“बाय, जरा सरक,” तो म्हणाला. “तू उभी हायेस तिथंपन एक बीळ हाय.”

त्या सरकल्या. तो पुन्हा खाली बसला.